सांध्यांना लावलेले तेल

हे मी लिहावे की नाही, या विचारात दोन वह्या कोऱ्याच राहिल्या. ज्यांच्या घरात लिहिणे आधीपासून चालत आले आहे त्यांनी लिहावे, असे मला अजूनही वाटते. आमच्या घरात माझ्याआधी कागदाशी संबंध यायचा तो अंगठा उठवण्यापुरता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चौथीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला, कारण तेव्हा खाडीवर बाबांना दुसरे हात हवे होते. कॉलेजात गेलेला पहिला मी. तेवढ्या बळावर पुस्तकासारखे काही लिहायला बसणे म्हणजे आगाऊपणाच, त्याबद्दल माफी असावी. वाक्ये चुकतील. काही ठिकाणी मी नकळत स्वतःची बाजू सावरूनही घेतली असेल. तसे दिसले तर वाचणाऱ्याने मला सोडू नये.

सांगायचे आहे ते दादाच्या गाडीविषयी, आणि त्या गाडीच्या तारा मी दुरुस्त केल्या त्याविषयी.

आमचे गाव करावे, खाडीच्या काठावरचे. बाबांची एक लहान होडी होती आणि थोडी भातशेती होती. नवे शहर वसवायचे ठरले तेव्हा शेती त्यात गेली. मोबदल्याचे पैसे आले तसे गावात कोणी मोटारसायकल घेतली, कोणी घरावर स्लॅब टाकला, कोणी सोने केले. दादाने जुनी मोटारगाडी घेतली. बाबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पण दादाचा हिशोब पक्का होता. गावातल्या बायका पहाटे सुकी मासळी घेऊन बाजाराला जायच्या, त्यांना बसमध्ये पाट्या घेऊन चढू देत नसत. दादा त्यांना नेऊ लागला. पाट्या डिकीत, पाट्या मागच्या सीटवर, आणि बायका जिथे जागा मिळेल तिथे.

"अरे, ही गाडी हाय का सुकटीचा डबा?" एक म्हातारी रोज विचारायची.

"डबाच हाय, मावशी. झाकन लावून घे, बस आत," दादा म्हणायचा.

बायकांशिवाय आजारी माणूस, बाळंतीण, दाखल्यासाठी ठाण्याला जाणारा म्हातारा, सगळ्यांना गाडी दादाचीच. त्याने खाडी सोडली ती सोडलीच. "पानी कमी झालं, मासा कमी झाला. रस्ते वाढनार हायत," तो म्हणायचा. बाबांना हे ऐकवत नसे, पण त्यात खोटे काही नव्हते.

त्या वर्षी पावसाळ्यात गावाबाहेरचा रस्ता भरावाच्या कामात पार चिखल झाला आणि गाडी तीन-चार महिने घराशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. भराव खाजणावर, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, चालला होता. खाजणातल्या बांधांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घुशी बिळे बुजल्यावर गावात शिरल्या. गाडीत मासळीचा वास मुरलेलाच होता. नवरात्रात दादाने ताडपत्री काढली, चावी फिरवली, तर काहीच झाले नाही. बॉनेट उघडले. आत तारांचे नुसते तुकडे पडले होते, आणि बॅटरीच्या बाजूला चिंध्यांचे घरटे.

दादा बराच वेळ बॉनेट हातात धरून उभा होता. मग म्हणाला, "पोरं पन झाली वाटतं हिला इथंच."

आम्ही दोघे त्या तुकड्यांपैकी मूठभर पिशवीत घालून मुंबईला गेलो, त्या कंपनीच्या गाड्या विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मोठ्या दुकानात. काचेच्या काउंटरमागे पांढरा कोट घातलेला माणूस होता. त्याने पिशवी उघडली आणि लगेच मिटली.

"हे काय आणलंय? वास कसला येतोय?"

"तारा हायत साहेब. घुशीनं खाल्ल्या," दादा म्हणाला.

"घुशीने खाल्ल्या की तुम्ही जेवणात घेतल्या?" आजूबाजूचे दोघेतिघे हसले. मग त्याने समजावून सांगितले की असे तुकडे जोडत बसायचे नसते, आख्खी वायरिंग बदलायची असते, ती कारखान्यातून मागवावी लागेल, गाडी टो करून आणा, दीड-दोन महिने तरी इथेच राहील. वर खर्चाचा आकडा सांगितला. दादाने तो आकडा परत विचारला नाही. त्याने पिशवीची गाठ नीट बांधली आणि "बरा" म्हणाला.

परत येताना पुलावरून बस चालली होती. खाली भरती होती. दादा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मला त्या माणसाचे हसणे फार लागले होते. दादाला लागले होते की नाही मला कळले नाही. मी एफ. वाय. बी.एस्सी. पास होऊन एस. वाय.ला आलो होतो. विषय फिजिक्स. मी म्हणालो, "दादा, आपण घरी करू. मी करतो."

"तुला जमंल?"

"बॅटरी, स्विच, दिवा. सर्किट म्हणजे दुसरं काय असतं? आमी लॅबमध्ये रोज करतो."

रोज करत नव्हतो. आठवड्यातून एकदा करत होतो, आणि तेही चार जणांत मिळून. पण दादाने मान हलवली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरे आहे. सकाळी कॉलेज, दुपारी चारनंतर पडवीत गाडी. बाजारात स्वस्तात मिळाली म्हणून मी सगळी तार एकाच रंगाची, लाल, आणली होती. कुठली तार कुठे जाते ते ओळखायचे कसे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. तो बाबांनी सोडवला. जाळ्याचे वेगवेगळे तुकडे ओळखायला ते सुताच्या गाठी मारून ठेवायचे, तशा त्यांनी तारांच्या टोकांना मारून दिल्या. एक गाठ हेडलाइटला, दोन हॉर्नला, तीन वायपरला. ज्या बाबांनी गाडी आल्यापासून तिला हात लावला नव्हता, ते आता चहा घेऊन पडवीतच बसायला लागले.

मी एका बल्बला दोन तारा लावून तपासणीचा दिवा केला होता. दादा एकेक तार धरायचा, मी दिवा लावून बघायचो. तारांना पीळ द्यायचा आणि वर कथलाचा डाग द्यायचा. डाग द्यायला तांब्याचा खिळा आई चुलीत लाल करून द्यायची. "माझी भाकरी कधी करू, तुमची गाडी भाजल्यावर?" असे म्हणत ती तो चिमट्याने आणून द्यायची. बॉनेटखालचे सगळे सांधे आम्ही असे पक्के केले. डॅशबोर्डच्या मागे मात्र खिळा पोचत नव्हता. हात घालेपर्यंत तो थंड व्हायचा. तिथले सहा-सात सांधे मी नुसते पीळ देऊन, काळी चिकटपट्टी गुंडाळून सोडले. त्यातला एक हेडलाइटचा होता.

पंधराव्या दिवशी गाडी सुरू झाली. दादाने हॉर्न इतका वाजवला की कुत्री भुंकायला लागली. गावात जो भेटेल त्याला तो सांगायचा, "माझ्या भावानं केलीय. शिकलाय तो." कोणी टोमणा मारला, "शिकून मेकॅनिकच झाला ना?" तर म्हणायचा, "तुजा शिकून काय झाला ते सांग."

आठ दिवसांनी हॉर्न बंद पडला. मी बघितले तर चिकटपट्टी सुटून लोंबत होती आणि सांध्यावर हिरवी बुरशी चढल्यासारखे दिसत होते. खाडीच्या हवेत मीठ असते, तांब्याला ते सोसत नाही. मी खरवडून नवी पट्टी लावली. ती चार दिवसांत सुटली. तिसऱ्यांदा मी खाली बसलो तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, होडीच्या फटीला आमी काय लावतो?"

होडीच्या फळ्यांमधल्या फटीत सुताचा पीळ ठोकतात आणि वरून मुशी माशाच्या काळजाचे तेल राळ घालून उकळून लावतात. खारे पाणी मग आत येत नाही. बाबांचे म्हणणे होते की सांध्यावर कापडाची चिंधी गुंडाळावी आणि ती या तेलाने भिजवावी. चाळीस वर्षे होडी सुकी राहिली, तर एवढीशी तार नाही का राहणार?

दादा म्हणाला, "बाबा, वासाला घुशी परत येतील."

तो एवढेच म्हणाला. त्याला तेवढीच भीती वाटली. आणि मी, ज्याने काहीतरी म्हणायला हवे होते, त्याने काय म्हटले ते सांगतो. मी पुस्तकात वाचले होते की विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल भरतात, कारण तेलातून वीज जात नाही. मी म्हणालो, "बाबा बरोबर बोलतायत. मोठमोठ्या विजेच्या यंत्रांत तेलच असतं. आमच्या पुस्तकात आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितले. "पुस्तकात हाय?"

"आहे."

"होडीचा तेल?"

"तेलच. तेल ते तेल."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आले ते मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी कॉलेजात जायला लागल्यापासून ते माझ्याशी जपून बोलायचे, जणू मी पाहुणा होतो. मला काय माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि त्यांना जे माहीत होते ते मला लागत नव्हते. त्या संध्याकाळी त्यांचे तेल आणि माझे पुस्तक एक झाले. ते उठून स्वतः तेल उकळायला गेले. आम्ही दोघांनी मिळून एकेका सांध्याला चिंधी बांधली, बाबांच्या गाठीने, आणि वरून तेल पाजले. घुशी येऊ नयेत म्हणून दादाने बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि पडवीच्या तोंडाला पत्रा लावला. आगीचा विचार आम्हा तिघांपैकी कोणाच्याही मनात आला नाही. होडीवर हे तेल पाण्याच्या विरुद्ध लावतात. आमच्या घरात तेलाचा शत्रू पाणीच होता.

तार हिरवी होणे थांबले. दिवाळी गेली, हॉर्न वाजत राहिला. बाबा गाडीत बसून एकदा बाजारापर्यंत जाऊन आले.

जानेवारीत मी परीक्षेच्या तयारीसाठी मित्राच्या खोलीवर राहायला गेलो होतो, म्हणून जे झाले ते मला दुसऱ्या दिवशी कळले. पहाटे दादा तीन बायकांना आणि त्यांच्या पाट्यांना घेऊन निघाला होता. धुके होते, हेडलाइट बराच वेळ चालू होते. डॅशबोर्डमागून धूर यायला लागला. त्याने गाडी कडेला घेतली आणि आधी बायकांना उतरवले. सुकटीचा डबा म्हणणारी ती म्हातारी मागे अडकली होती, तिला त्याने ओढून बाहेर काढले. मग तो परत गाडीकडे गेला. चिंध्या पेटल्या होत्या. त्याने दोन्ही हात आत घातले, जळत्या तारांचा पुंजका धरला आणि ओढून तोडला.

"आम्ही वरडतोय, सोड रं, मरू दे गाडीला," म्हातारीने मला सांगितले. "ऐकंल तर ना."

हॉस्पिटलात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होते. मी खाटेशेजारी बसलो. त्यानेच विचारले, "पेपर कधी हाय?"

"दादा, हात कशाला घातलेस?"

तो छताकडे बघत होता. "तू पंधरा दिवस बसून जोडला होतास ना सगला," तो म्हणाला. "जलू कसा देऊ?"

नंतर एका प्रॅक्टिकलच्या वेळी आमच्या सरांनी सांगितले की सांधा सैल असला की तिथे विजेला होणारा रोध वाढतो, तार तिथे तापते, आणि फ्यूजला ते कळतही नाही. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाला हवा लागू देत नाहीत, हेही त्याच तासाला कळले. मी वहीत उतरवून घेतले. माझ्याकडच्या पुस्तकात हा धडा होता. फक्त मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो.

घरी येऊन मी बाबांना सांगितले. म्हणालो, चूक तेलाची नव्हती, सांधा मी नीट केला नव्हता; आणि तेलाला हो म्हटले तेही मीच.

बाबा जाळे विणत होते. मान वर न करता म्हणाले, "पुस्तक खोटा नसतं. तेल माझा होता."

"बाबा, पुस्तकात ते तेल वेगळं आहे."

"तुझं पुस्तक वाचायला मना येत नाय, म्हनून तू काय पन सांगशील."

मी कितीही वेळा सांगितले तरी त्यांनी ते घेतले नाही. मुलाचे शिक्षण चुकले असे मानण्यापेक्षा आपले तेल चुकले असे मानणे त्यांना सोपे होते. पुढे त्यांनी हा विषय काढला नाही, आणि मीही धीर केला नाही.

दादाच्या जखमा भरल्या, पण कातडी आखडली. बोटे अर्धवट वाकलेली राहिली. ती नीट उघडत नव्हती आणि पूर्ण मिटतही नव्हती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. तो भिजवलेल्या पिठाचा गोळा दिवसभर दाबत बसायचा. आई ओरडायची, "त्या पिठाची भाकरी आता कोन खानार?" तो म्हणायचा, "मीच खाईन. माझीच मेहनत हाय ती." गाडीचे फार नुकसान झाले नव्हते. पण दादाच्या लायसनची मुदत संपत आली होती, आणि नव्याने मिळवायचे तर बोटे सुधारल्यावर इन्स्पेक्टरसमोर गाडी चालवून दाखवायला लागणार होती. सगळे त्या एका गोष्टीवर अडले होते. लायसन मिळाले तर दादा पुन्हा पहाटे बायकांना घेऊन निघेल. नाही मिळाले तर होडीतही त्याला जागा नव्हती, कारण त्या हातांनी वल्हे धरता येत नव्हते आणि जाळेही विणता येत नव्हते.

मी शिक्षण सोडतो म्हणालो. एखाद्या कारखान्यात लागतो. दादा पहिल्यांदाच माझ्यावर चिडला.

"बाला, आता सोडलंस तर हे हात कशाला जाललं मी? आं? कशाला?"

मी बी.एस्सी. पूर्ण केले आणि एम.एस्सी.साठी पुण्याला गेलो. वसतिगृहात दर पंधरवड्याला घरून कार्ड यायचे. अक्षर पोस्टमनचे असायचे, मजकूर दादाचा. "बोटे सुधारत आहेत. पिठाचा गोळा आता पूर्ण दबतो. परीक्षेची तारीख अजून आली नाही. काळजी करू नये." मग एकदा आले, "तारीख आली आहे. जाऊन येतो." त्यानंतरच्या कार्डांत लायसनचा विषय नव्हता. आईच्या गुडघ्यांचे दुखणे असायचे, गावात नळ आला ते असायचे, बाबांची तब्येत असायची. सुरुवातीला मी प्रत्येक पत्रात विचारायचो. उत्तर यायचे, "सर्व ठीक आहे, अभ्यास कर." त्यातले "ठीक" मी लायसनला लावून घेत होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो गाडी चालवताना दिसायचा, आणि ते चित्र मोडेल असे काही विचारायचे मी हळूहळू टाळू लागलो. हेही मला इथे लिहायला हवे.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वसतिगृहाच्या दारात आमच्या गावचा एक माणूस उभा होता. नात्यातल्या लग्नासाठी पुण्याला आला होता. घामाने भिजला होता. मी त्याला खोलीत नेले, पाणी दिले. त्याने तांब्या रिकामा केला, भिंतीवरचे वेळापत्रक बघितले आणि विचारले, "परीक्षा झाली का सगली?"

"काल संपली."

"नक्की ना? अजून काय तोंडी-बिंडी?"

"नाही. सगळं झालं. का?"

त्याने तांब्या खाली ठेवला. "तुजा दादा बोललाय, परीक्षा झाल्याबिगर सांगू नको. म्हनून इचारतो." मग त्याने रुमालाने मान पुसली. "लायसन नाय मिलाला रे. शिमग्याच्या आदीच गेलेला तो. साहेब बोलला, स्टेरिंग धर. धरला त्यानं. वलवायला सांगितला तर हात निसटला. दोनदा. साहेब पन वाईट नव्हता, तिसऱ्यांदा पन करायला दिला त्यानं. मग गाडी भंगारवाल्यानं नेली. आता तो तिकडं नव्या सोसायटीत बसतो, गेटवर. खुर्ची दिलीय त्याला. गाडी आली की उठायचा आनि दांडा वर करायचा. दोनी हातांनी करतो."